हान्नावर रडलं कोण?

हान्ना,

तू गेल्याचं मला तुमच्या ढोलवाल्या तारासनं फोनवर सांगितलं. मी रिसीव्हर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. हातातली शेंग तशीच चिमटीत धरून ती माझ्याकडं बघत राहिली. कधी गेली, काय झालं होतं, दवाखान्यात होती की घरी, असलं काही तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "रडलं कोन तिच्यावर?"

तारास म्हणाला होता की तुझ्या गावच्या दफनभूमीत तुमच्या जथ्यातल्या सगळ्यांनी गाणी म्हटली, तूच बसवून दिलेली, तीन आवाजांची. त्यानं स्वतः ढोल वाजवला. बर्फ पडत होतं म्हणे. "आम्ही चांगलं गायलो," असं तो मोडक्या इंग्रजीत एकदा म्हणाला, पुन्हा एकदा म्हणाला, आणि पुन्हा म्हणताना त्याचा आवाज बसला. मी आईला तेच सांगितलं. सगळ्यांनी गाणी म्हटली, फार छान म्हटली.

"गानं म्हटलं ते ऐकलं की मी," आई म्हणाली. "रडलं कोन ते सांग."

"कुणी नाही बहुतेक."

आईनं शेंग परत सुपात टाकली. "म्हंजे तशीच गेली की गं पावणी," असं म्हणून ती उठली आणि नळाखाली हात धूत उभी राहिली. हात स्वच्छच होते. पाणी वाहत राहिलं तरी ती हलली नाही.

तुला हे सगळं सांगायलाच हवं, कारण ह्या रडण्यावरूनच तुमच्या दोघींचं भांडण चालू होतं आणि तू ते अर्ध्यात टाकून गेलीस. मी मधली. दुभाषी म्हणून सुरुवात केली आणि दोन्हीकडून बोलणी खाण्यात माझी हयात गेली.

तू पहिल्यांदा कोल्हापुरात आलीस तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. इथल्या एका सांस्कृतिक मंडळानं तुमचा कार्यक्रम ठेवला होता. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळानं दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, युक्रेनची लोकगीतं, जगभरच्या वाद्यांसह. लोकांना काय ऐकायला मिळणार याचा पत्ता नव्हता. काहींना वाटलं नाच असेल, काहींना वाटलं सर्कस. पडदा वर गेला तर पाच माणसं, भरतकामाचे सदरे घातलेली, आणि समोर वाद्यांचा बाजार: एक माणसाच्या उंचीचं व्हायोलिन, एक गळ्यात अडकवायची पेटी, एक आफ्रिकेतला ढोल, एक अरबी डफ. तारास त्या ढोलामागं जेमतेम दिसत होता.

पण पहिल्या गाण्याला तू एकही वाद्य घेतलं नाहीस. पुढं आलीस, माइकपासून लांब उभी राहिलीस, आणि गळा उघडून एक लांबच लांब हाक मारलीस. नंतर मला कळलं की तुमच्या गावात बायका संध्याकाळी ह्या शेतातून त्या शेतात असं गातात, वाऱ्यावर टाकून. तेव्हा मला एवढंच कळलं की माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. आई उठून उभी राहिली होती. तिनं तोंडाला हात लावला आणि भर नाट्यगृहात तुला उलट हाळी दिली.

आई गगनबावड्याच्या बाजूची. तिकडं भातलावणीला पाऊस असा कोसळतो की शेजारच्या चिखलात वाकलेल्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही. मग एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात हाळी द्यायची, तिकडून हाळी आली की भलरीची पुढची ओळ घ्यायची. कोल्हापुरात सून म्हणून आल्यापासून तिनं ती हाळी दिली नव्हती. एवढी वर्षं साठवून ठेवलेली ती नेमकी मुख्याध्यापिका आणि मंडळाचे अध्यक्ष समोर बसलेले असताना तिनं काढली.

मागून कुणीतरी ओरडलं, "आज्जी, नाद खुळा!" सगळं नाट्यगृह हसलं. तू हसली नाहीस. तू थांबलीस, कान दिलास आणि तिला परत हाक दिलीस. आईनं परत उत्तर दिलं. मग तू रंगमंचाच्या पायऱ्या उतरून खाली आलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या डोक्यात एकच विचार होता, उद्या शाळेत तोंड कसं दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी तू घरी आलीस, पुढच्या हिवाळ्यात परत आलीस, आणि मग येतच राहिलीस. कधी जथ्याबरोबर, बहुतेक वेळा एकटी. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराचा जिना अंधारा आहे, बेल चालत नाही, म्हणून तू खालूनच हाळी द्यायचीस आणि आई वरून उत्तर द्यायची. गल्लीला आधी गंमत वाटली, मग सवय झाली. तू मराठी शिकलीस तीही आईची मराठी. आमच्या मुख्याध्यापिका एकदा घरी आल्या, ज्यांच्यासमोर आम्ही शिक्षिका खुर्चीत टेकूनही बसत नाही, आणि तू त्यांना म्हणालीस, "काय पावणं, जेवलासा काय?" त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा माणसासारखं बोलायला लागल्या, त्याचं श्रेय तुझं.

आई तुला शेवटपर्यंत पावणंच म्हणत राहिली. पावणं, घासभर खावा की. पावणं, अंगावर घ्या, वारं सुटलंय. आणि तू तिला काय म्हणायचं, यावरून एकदा वाद झाला, आठवतोय? तू मला विचारलंस, "मी हिला आई म्हणू का?" मी म्हटलं, "आई माझी आहे. तू मावशी म्हण." मी हसत म्हटलं होतं, पण एकुलत्या एक मुलीचं हसणं ते, त्यात काय असायचं ते होतंच. भलरीची एक ओळ आईनं मला कधी शिकवली नाही, कारण मला सूर नाही. आणि तू मात्र तिच्या मांडीला मांडी लावून बसायचीस. आई म्हणाली, "म्हनू दे की गं, तोंड झिजतंय व्हय तिचं?" पण तू मावशीच म्हणालीस, शेवटपर्यंत. माझं दुसरं काहीएक ऐकलं नाहीस, हेच तेवढं ऐकलंस.

मी तुझ्याशी भांडले ते मुख्यतः त्या सीडीवरून. तू आईची भलरी तिच्याच आवाजात घेतलीस, तिच्याखाली तुमच्या बायकांचे तीन आवाज घातलेस, ते मोठं व्हायोलिन घातलंस, आणि वर तारासचा आफ्रिकन ढोल. मी म्हटलं, हे मिसळीवर केक ठेवल्यासारखं झालंय. हे चिखलातलं गाणं आहे, ह्यातला पाऊस कुठं गेला? तू म्हणालीस, ढोल हाच पाऊस. मी म्हटलं, उगाच काहीतरी. तू चिडलीस. तुझ्या आजीचं सगळ्यात जुनं गाणं कुठल्या तरी परमुलुखातल्या शिपायानं त्या गावात आणून टाकलेलं आहे, म्हणालीस, आणि आज तेच आम्ही आमच्या मातीचं म्हणून गातो. गाणं कधी एका घरात बसलंय का? मी म्हटलं, बसलं नसेल, पण कुणी त्याला धरून विमानातही घातलं नव्हतं. दोघी दोन दिशांना तोंडं करून बसलो. शेवटी आईलाच ऐकवलं.

आईनं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ढोल कुनाचा ह्यो? बरा वाजीवतोय. पन मला दम घ्याला जागाच ठिवली न्हाई त्यानं."

तुझा चेहरा पडला, आणि लगेच उजळला. पुढच्या वर्षी तू ते गाणं नव्यानं करून आणलंस. आता आई जिथं दम घेते तिथं ढोल थांबतो, सगळंच थांबतं. तेवढीच जागा मोकळी. मी तरीही म्हटलं की मला पटलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा ते मला आवडायला लागलं होतं, पण तुझ्यापुढं हार कोण मानणार.

आता भांडणाचं मूळ.

शेजारच्या शालनवहिनींच्या सासूबाई वारल्या तेव्हा तू आमच्याकडं होतीस. आई पदर सावरून निघाली, तू मागोमाग. दारातच आईनं शालनवहिनींच्या गळ्यात हात टाकले आणि हेल काढला. आमच्या भागातल्या बायकांचं हे रडणं तुला नवं नव्हतं, तुमच्या गावातही असं रडायचे म्हणालीस. गेलेल्या माणसाला नात्यानं हाक मारायची, त्याचं नाव घ्यायचं, त्यानं काय काय केलं ते सांगायचं, काय द्यायचं राहिलं ते सांगायचं, असं न सांगता का गेलीस म्हणून भांडायचं, सगळं त्याच्याशीच बोलायचं, आणि प्रत्येक ओळीचं शेपूट लांबवत न्यायचं. ऐकलं की बाकीच्या बायका धावत येतात आणि त्यात मिसळतात. तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत रेकॉर्डर होता. तू त्या पिशवीला हातही लावला नाहीस, ह्याबद्दल मी तुला कायम मानलं. पण घरी आल्यावर म्हणालीस, "मावशी, मला हे पायजे."

"काय पायजे?"

"हे रडणं."

आई आधी हसली. मग तुला खरंच हवंय हे कळल्यावर तिचा आवाज बदलला. "भलरी म्हन, पाळणा म्हन, लग्नातलं म्हन, काय पायजे ते घे. रडणं न्हाई मिळायचं. त्याला मानूस जावं लागतंय. कोन गेलं नसताना घरात हेल काढला तर मरनाला आवतान दिल्यागत हुतंय."

तू दर वर्षी मागितलंस आणि तिनं दर वर्षी नाकारलं. मला वाटायचं तुला ते पुढच्या सीडीसाठी हवंय, ढोल लावून. मी तुला तसं बोललेही. तेव्हा तू मला तुझ्या आईचं सांगितलंस. तुझ्या गावात रडता येणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. तुझी आई गेली तेव्हा रडणारी तूच उरली होतीस, एकटी, ना बहीण ना मुलगी. तू तोंड उघडलंस आणि गळा आपोआप सुरात गेला. इतकी वर्षं रंगमंचावर ज्या गळ्याला शिकवलं त्यानं ऐकलंच नाही. लोक नंतर येऊन म्हणाले, किती सुंदर गायलीस. "मला त्या लोकांना मारायचं होतं," तू म्हणालीस.

हे मी आईला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "सूर सांभाळला की ते गानं झालं. रडताना सूर सांडला पायजे. शिकलेल्या गळ्याला ते अवघडच हाय." आणि तुझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली. पण रडणं दिलं नाही ते नाहीच.

मग तुझी शेवटची खेप. ती शेवटची आहे हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं. दुपारचं ऊन अंगावर घेत तुम्ही गच्चीत बसला होता. आई मागं बसून तुझ्या केसांना तेल लावत होती आणि मी वह्या तपासत होते. आई म्हणाली, "केस लई गळालं की पावणं." तू मान वळवून म्हणालीस, अगदी आईच्या बोलीत, "मावशी, समजा मी मेलो. आता रडा."

आईनं तुझ्या तोंडावर चापट मारली. तेलाचा हात. तुझ्या गालावर बोटं चमकत होती. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी वहीतच बघत राहिले. तू हसलीस, पण ते हसणं मध्येच संपलं. आई तरातरा खाली गेली, पेटती शेगडी, मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन वर आली, तुझी दृष्ट काढली, आणि सगळं शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकलं.

मिरच्या जळाल्या, धूर झाला, आणि कुणालाही ठसका आला नाही.

आमच्यात म्हणतात की ठसका आला नाही तर दृष्ट जबरदस्त लागलेली असते. मी असल्या गोष्टी मानत नाही. मी शाळेत मुलींना विज्ञान प्रदर्शनाला घेऊन जाते. पण त्या शेगडीवर वाकून बसलेली आई मला आजही दिसते. ती ठसक्याची वाट बघत होती, आणि तू तिच्यामागं उभी राहून, खोकला यावा म्हणून, मुद्दाम दीर्घ श्वास घेत होतीस. मी ते पाहिलं होतं.

तारासचा पुढं एकदा परत फोन आला. त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि तुझ्याबद्दल बोलायला माणसं संपत चालली होती. बोलता बोलता म्हणाला की त्या हिवाळ्यात इकडं यायच्या आधीच डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं. सगळ्यांनी तुला अडवलं, अशा तब्येतीत इतक्या लांब कशाला? तू म्हणालीस, कोल्हापुरात माझं एक काम राहिलंय.

म्हणजे गच्चीतली ती थट्टा नव्हती. सीडी नाही, ढोल नाही, जथा नाही. तू स्वतःसाठी मागत होतीस. तुझ्या गावात तुझ्यावर रडणारं कुणी उरलं नाही हे तुला ठाऊक होतं, आणि तुला जिवंतपणी ते ऐकून जायचं होतं. मला का नाही सांगितलंस गं? इतकी भांडायचीस, सीडीवरून, चहातल्या साखरेवरून, आणि हे तेवढं पोटात ठेवलंस.

हान्ना, तू गेल्याचं कळल्यापासून घर बदललंय. मी ती सीडी लावते. भलरी सुरू होते, ढोल येतो, मग ती मोकळी जागा येते, जिथं सगळं थांबतं. इतकी वर्षं मला वाटायचं की तिथं फक्त आई दम घेते. आता कान देऊन ऐकलं तर तिथं दोन श्वास आहेत. एक आईचा, भरड. त्याच्यामागून दुसरा, हलका. तो तुझा. तू गेलीस आणि माझ्या टेबलावर तू श्वास घेतेस. मी बंद करते, आणि थोड्या वेळानं पुन्हा लावते.

आणि जिना. भर दुपारी, भाजीवाला ओरडून गेल्यावर जी शांतता होते तिच्यात मला खालून हाळी ऐकू येते. मी आईला काही बोलले नव्हते. म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवा? तर एक दिवस निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून आईच म्हणाली, "जिन्यात कोन हाय बघ जा."

"कुणी नाही."

"हाय. खालच्या पायरीला हुबी हाय. रडल्याबगार कशी जाईल ती? वाट कुनी दाखवायची तिला?"

मी जाऊन बघितलं. अंधारा जिना, कुणाच्या तरी चपला, एवढंच. तरीही मी दार लगेच लावून घेतलं नाही. तू असलीस तर वर ये, असं मनात म्हटलं आणि मग स्वतःवरच चिडून परत आले.

"मग रड ना तू," मी आईला म्हणाले. "एवढी वर्षं माणूस जाऊ दे म्हणत होतीस. आता गेलंय की माणूस."

"कुठल्या नात्यानं रडू?" आईचा आवाज चढला. "पावण्यावर कोन रडतंय? तोंड उघडायचं तर पयला शबुद नात्याचा लागतोय. ती मला मावशी म्हनायची. मला भन न्हाई, मग भाची कुठनं आली? वाऱ्यावरचं नातं ते. तेनं रडू येत न्हाई. मी काय बघितलं न्हाई व्हय करून? रोज सकाळी बघतोय. तोंड उघडतोय आन् मिटतोय."

मग मला समजलं की ही बाई तुझ्यावर रडायला रोज बसते आणि पहिल्याच शब्दाला अडते. तो शब्द मीच दिलेला. हसत दिलेला. मला तुझा हेवा वाटायचा, हान्ना, अजूनही वाटतो, तिनं माझ्या केसांना इतका वेळ तेल लावल्याचं मला आठवत नाही. पण असल्या हेव्यापायी कुणी अंधाऱ्या जिन्यात उभं राहावं?

मला रडता येत नाही. बाबा गेले तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. आई चार बायकांत मला म्हणाली होती, दगूड हाय नुसता. मला सूर नाही. मग मला वाटलं, सूर सांडायलाच पाहिजे असेल तर माझ्याइतकं लायक कोण आहे?

मी आईच्या समोर बसले. डोक्यावर पदर घ्यायला पदर नव्हता, ओढणी घेतली. तोंड उघडलं तर आधी हसूच आलं, भीतीचं. मग मी म्हटलं, "अगं माझ्या बहिणी…"

आवाज फाटला. मी थांबले.

आई माझ्याकडं बघत होती. "दम धर," ती हळू म्हणाली. "नाव घे आता. आन् काय झालंय ते सांग तिला. घाई करू नगं."

"अगं माझ्या बहिणी, अगं हान्ना," मी म्हटलं, "जिन्यात का गं थांबलीस, वर का गं येत न्हाईस, आपली आई वाट बघती गं…"

ते शेपूट लांबवायचं असतं ते मला जमलं नाही, ते मध्येच तुटलं. पण ते तुटल्या जागी आईचा आवाज आला. मी तिच्याकडं बघितलं नाही. तिचे हात माझ्या गळ्याभोवती आले, शेंगांचा, मातीचा वास आला, आणि माझ्या कानाशी तिचा गळा उघडला. अगं माझ्या लेकी, अगं हान्ना. मागितलंस तवा दिलं न्हाई गं, आता देतोय तर घ्यायला न्हाईस गं. तोंडावर मारलं गं तुला, तेलाच्या हातानं मारलं गं. बर्फात निजलीस गं बाई, अंगावर कुनी घातलं गं. एक ओळ ती घ्यायची, एक मी. माझी प्रत्येक ओळ वाकडी जात होती आणि तिला ती चालत होती. मी बाबांसाठी जे रडले नव्हते तेही त्यात मिसळलं असावं, मला वेगळं काढता येत नव्हतं. मला एवढंच माहीत आहे की मी तुझं नाव घेत होते.

खाली दार वाजलं. जिन्यात धावत येणारी पावलं वाजली, आणि शालनवहिनी दारात उभ्या राहिल्या. भाकरी थापता थापता उठून आल्या होत्या, दोन्ही हात पिठानं भरलेले.

"कोन गेलं? काकू, कोन गेलं?"

मी म्हटलं, "माझी बहीण."

शालनवहिनी मला लहानपणापासून ओळखतात. ह्या घरात मी एकटी वाढले हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं.

"थोरली गेली गं, शालन," आई म्हणाली.

शालनवहिनींनी पुढं काही विचारलं नाही. त्या पिठाच्या हातांनीच आईच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनी गळा काढला.